साखळ्या चढवल्या तो हिवाळा

इरा आणि नील,

गेल्या मंगळवारी, इरा, तुझा कॉलेजमधून फोन आला तेव्हा मी गॅरेजमध्ये पाटावर बसून बर्फ ढकलायच्या एटीव्हीच्या मागच्या चाकांना साखळ्या चढवत होते. फोन स्पीकरवर टाकून जमिनीवर ठेवला होता. तू आधी विचारलंस, "आजी, व्हॉट इज दॅट नॉइज?" मी म्हटलं, साखळ्या. मग तू एकदम म्हणालीस, "आजी, आबांनी डायलिसिस का थांबवलं? बाबा म्हणतो, बिकॉज ऑफ द स्नो. इज दॅट ट्रू?"

माझे हात काळे झालेले होते, गुडघा आखडला होता. मी म्हटलं, "नंतर सांगते." तू "ओके" म्हणालीस. तुझं ते ओके मला काही बरं वाटलं नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. पुण्यात मी ज्या शाळेत शिकले तिथे मधल्या सुट्टीतसुद्धा मराठी बोलायला परवानगी नव्हती, आणि पुढे इथल्या ग्रंथालयात बावीस वर्षं मी पुस्तकांच्या नोंदी केल्या त्याही इंग्रजीतच. पण आबांचं आणि माझं त्या हिवाळ्यात जे बोलणं झालं ते मराठीत झालं. मी ते दोनदा इंग्रजीत लिहून पाहिलं. दोन्ही वेळा हॉस्पिटलच्या कागदासारखं दिसायला लागलं. तेव्हा शनिवारच्या मराठी शाळेत जेवढं शिकलीस तेवढ्यावर वाच, आणि नीलला वाचून दाखव. अडलं तर मला विचार. बाबाला आत्ताच विचारू नकोस.

तुमच्याकडे रेडमंडला हिवाळा म्हणजे पाऊस. तो येतो, वाहून जातो. इथे ईडन प्रेरीच्या पश्चिमेला घरं लांब लांब होत जातात, तिथे हिवाळा येतो आणि बसून राहतो. नोव्हेंबरात पडलेला बर्फ खालच्या थरात मार्चपर्यंत तसाच असतो. वर फक्त नवा पडत जातो. आमच्या घरापासून रस्त्यापर्यंतचा ड्राइव्हवे एकशे तीस पावलांचा आहे. मी मोजला आहे. त्यातली शेवटची चाळीस पावलं उताराची. उन्हाळ्यात तुम्ही त्याच उतारावरून सायकली सोडायचात आणि मी ओरडायचे.

एटीव्ही आबांनी घेतली ती रिटायर झाल्याच्या वर्षी. चार जाड टायर, मोटरसायकलसारखं हँडल, आणि पुढे बर्फ ढकलायचं लोखंडी पातं. मी विचारलं, "अहो, बर्फ ढकलायला माणूस लावलाय ना आपण?" ते म्हणाले, "तो दुपारी दोनला येतो. तोवर मी घरात काय करू?" खरं कारण एवढंच होतं की नागपुरात लहानपणी त्यांना ट्रॅक्टरवर कुणी बसू दिलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी ती गाडी ड्राइव्हवेवर उगाच सात वेळा वर-खाली नेली. कानटोपीतून नाक तेवढं दिसत होतं, लाल झालेलं. आत आले आणि म्हणाले, "मालती, आयुष्यात उशीरच केला मी."

साखळ्या दुसऱ्या वर्षी आल्या. गाडी हलकी असते. वर बर्फ आणि खाली त्याचा गोठून काचेसारखा झालेला थर असला की चाकं जागच्या जागी फिरत बसतात आणि पातं पुढे सरकतच नाही. मागच्या दोन चाकांना साखळ्यांचं जाळं घातलं की ते थराला चावे घेत जातं. त्यांचा डांबरावर होणारा आवाज मला आधी अजिबात सोसायचा नाही. स्टीलची भांडी भरलेलं टोपलं कुणी पायऱ्यांवरून ओढत न्यावं तसा. आता तो आवाज आला नाही तर मी थांबून मागे बघते.

मी हे सगळं आबांचं खेळणं म्हणून बघत होते. त्या गाडीला हात लावायची माझ्यावर वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

तीन हिवाळ्यांपूर्वी, ऑक्टोबरमध्ये, आबांचं डायलिसिस सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, साडेदहा वाजता, चार तास. डाव्या हातात सुया टोचण्यासाठी शीर जोडून घेतलेली होती. त्या हाताने जड काही उचलायचं नाही, ओढायचं नाही, ताणायचं नाही. म्हणजे साखळ्या नाहीत आणि हँडलही नाही. माझं वय तेव्हा एकाहत्तर होतं.

तुमचा बाबा, निखिल, रोज सांगत होता, "आई, शहरात कॉन्डो घ्या. डायलिसिस सेंटरच्या समोर. चालत जाता येईल." मी तयारही होते. आबा म्हणाले, "तिथे खिडकीत बसून दुसऱ्यांच्या गाड्या मोजू का मी?" विषय संपला. बर्फ ढकलणाऱ्या माणसाच्या यादीत आमचं घर शेवटचं होतं, आणि सेंटरमधली आबांची खुर्ची साडेदहाची होती. दोन आणि साडेदहा यांच्यामध्ये जे काही होतं ते माझ्याकडे आलं.

साखळ्या चढवायला मला लॉइडने शिकवलं. लॉइड म्हणजे पलीकडच्या घरातला, तुम्ही ज्याच्या कुत्र्याला घाबरायचात तो. माणूस कमी बोलतो. त्याने साखळी जमिनीवर अंथरली, प्रत्येक कडी बोटांनी सरळ करत गेला, मग चाकावर टाकली, गाडी जरा पुढे घ्यायला लावली, आतली बाजू आधी अडकवली, मग बाहेरची, आणि वरून रबराचा पट्टा ताणून बसवला. मी वहीत लिहून घेत होते. त्याने वहीकडे पाहिलं आणि म्हणाला, "दहा पावलं चालवा. थांबा. उतरा. पुन्हा ताणा. हे विसरलात तर बाकीचं लिहून उपयोग नाही." मी विचारलं, सैल झाली तर कळेल कसं? तो म्हणाला, "आधी कानाला कळेल." मग जानेवारीच्या सुरुवातीला तो दर वर्षीप्रमाणे बायकोला घेऊन ॲरिझोनाला गेला. जाताना आबांना म्हणाला, "तुमची मिसेस बरी चालवते." इथल्या लोकांच्या तोंडी हे फारच मोठं कौतुक.

मी दोन्ही साखळ्यांना नावाच्या पट्ट्या लावल्या, डावी आणि उजवी. भिंतीवर खिळे मारले. आबा स्टुलावर बसून बघत होते. "नंबर पण टाक. वाचकांना शोधायला बरं."

"तुम्हाला आठ दिवस पाना सापडत नव्हता, तो कुणी शोधला?"

"तू. आणि मग असा जागेवर ठेवलास की पुन्हा सापडला नाही."

त्या हिवाळ्यातल्या सकाळी आता आठवतात त्या वेगळ्या वेगळ्या आठवत नाहीत. एकच लांब सकाळ आठवते. उजेड निळसर. गॅरेजचं दार वर जाताना गोठलेल्या रबराचा सुटण्याचा आवाज. पेट्रोलचा वास थंडीत वेगळाच येतो, पातळ आणि कडवट. साखळीला हातमोज्यांनी हात लावला तर कड्या सापडत नाहीत, मोजे काढले तर बोटं चिकटतात. मी एक मोजा घालायचे, एक काढायचे. गाडीचा वेग अंगठ्याने दाबून धरायचा असतो, आणि रात्री उशीवर हात ठेवला तरी तो अंगठा दाबतच राहायचा. आबा स्वयंपाकघराच्या खिडकीत बसलेले, फोन कानाला. माझा फोन कानटोपीच्या आत.

"पातं उचल. उचल. अगं उचल."

"उचललंय."

"तिरकं कर. ढीग लांब टाक, नाहीतर फेब्रुवारीत जागा राहायची नाही."

"तुम्ही चहा प्या."

"माझा चहा संपला. कपात आता पुढचं पाणी दुपारी चारला."

दिवसभरात त्यांनी किती पाणी प्यायचं याचं माप ठरलेलं होतं. मी ते एका उभ्या भांड्यात सकाळीच काढून ठेवायचे. टोमॅटो नाही, संत्रं नाही, केळं नाही, शहाळ्याचं पाणी नाही, बटाटा दोनदा पाण्यात भिजवून. फ्रिजवर मी यादी लावली होती, वर न चालणाऱ्याची लाल, खाली चालणाऱ्याची हिरवी. एकदा आबा त्या यादीसमोर उभे राहून बराच वेळ वाचत होते. मी विचारलं काय शोधताय. म्हणाले, "माझं नाव. खाली हिरव्यात आहे का बघतोय."

मी हसले. त्या वेळी ते ऐकूही आलं नाही मला, असं आता वाटतं.

जानेवारीच्या शेवटी एका सोमवारी बर्फ ओला पडला होता. रस्त्यावर टाकतात ते मीठ आणि वाळू, सगळं साखळ्यांत भरून आलं. गॅरेजच्या फरशीवर काळे ओघळ. वापरलेली वस्तू धुतल्याशिवाय जागेवर ठेवायची नाही, हे माझ्या हाडात आहे. मी दोन्ही साखळ्या खालच्या सिंकमध्ये घेतल्या, गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घेऊन ब्रशने कडी न् कडी घासली, आणि खिळ्यावर टांगल्या तर फरशीवर पाणी गळेल म्हणून बादलीत ठेवून वर झाकण घातलं. समाधानाने वर आले. आमचं गॅरेज गरम केलेलं नसतं. त्या रात्री शून्याखाली वीस होतं.

बुधवारी सकाळी सात वाजता, बाहेर दहा इंच बर्फ, आणि बादलीत साखळ्यांचा एक गोळा. बादली उपडी केली तर गोळा बादलीच्या आकाराचा, तसाच उभा राहिला.

आबा दारात आले, बघितलं, आणि हसायला लागले. कितीतरी आठवड्यांनी हसले असतील. भिंतीला टेकून हसत होते. "मालती, साखळ्यांचं भांडं घासलंस तू."

"हसू नका. साडेदहाला पोचायचंय."

"साबण कुठला वापरलास ते सांग. चकाकतंय छान."

मला रडू येत होतं. मी गाडी तशीच, साखळ्यांशिवाय काढली. वरची सपाट नव्वद पावलं कशीबशी गेली. उतारावर पोचले आणि गाडी माझी राहिलीच नाही. ब्रेक दाबला तर चाकं थांबली आणि गाडी चालूच राहिली, आडवी होत, अगदी सावकाश. उजवं मागचं चाक कडेच्या खड्ड्यात गेलं आणि ती थांबली. लागलं काही नाही. मी खाली उतरले आणि बर्फात बसले. आजूबाजूला इतकं शांत होतं की कानटोपीतला आबांचा आवाज सगळ्या रानात ऐकू जातोय असं वाटलं. "मालती. मालती. हात हलव. दिसत नाहीयेस तू मला."

मी हात हलवला.

घरात आले तेव्हा त्यांनी तो गोळा आपल्या उजव्या हाताने एकेक पायरी ढकलत बाथरूममध्ये नेला होता. टबाच्या काठावर बसून वर कोमट पाणी सोडत होते. मी ओरडले नाही. तेवढी ताकद नव्हती. सेंटरला फोन केला. तिथली नर्स म्हणाली, एक वाजताची एक खुर्ची रिकामी झालीय, तोवर या. मग आम्ही दोघं टबापाशी बसलो. गोळा सुटत गेला. एकेक साखळी मी जुन्या टॉवेलने पुसली आणि आबांनी माझ्या केस वाळवायच्या यंत्राने वाळवली, कडी धरून, उलटी करून, सगळीकडून, देवाची भांडी पुसावीत तशी. बाथरूममध्ये ओल्या लोखंडाचा वास भरला होता.

त्या यंत्राच्या आवाजात ते म्हणाले, "आजचा दिवस राहू दे ना."

मला ऐकू आलं. मी म्हटलं, "दुसरी द्या इकडे."

मग मी बाहेर गेले. फावड्याने चाकाभोवतीचं उकरलं, पोटावर आडवी होऊन आतली बाजू अडकवली, मग बाहेरची, पट्टा ताणला. खड्ड्यात चाक असताना साखळी चढवायची नसते, गाडी पुढेमागे घेता येत नाही, मी चढवली. अंगठा दाबला आणि ती पहिल्या झटक्यात वर आली. त्यानंतर दहा पावलं, थांबा, उतरा, पुन्हा ताणा. उतारावरचा बर्फ, आणि मग बर्फ काढणाऱ्या सरकारी गाडीने रस्त्याच्या तोंडाशी लावलेला ढेकळांचा बांध, तोही. सव्वाबाराला रस्ता मोकळा होता.

मोटारीत आबा खिडकीतून बाहेर बघत होते. दुतर्फा ढीग. ऊन पडलं होतं. ते म्हणाले, "छान उघडलास रस्ता. लॉइडलासुद्धा जमलं नसतं."

 थोड्या वेळाने ते म्हणाले, "फक्त मला जायचंय का, ते विचारलं नाहीस."

मला राग आला. इतका की पुढचा सिग्नल मला दिसलाच नाही, त्यांनी दाखवला. पाच तास मी कुणासाठी मरत होते, असं काहीतरी मी म्हटलं. ते म्हणाले, "तेच. तू मरत होतीस, आणि मी बघत होतो." 

त्यांची खुर्ची खिडकीपाशी होती. मी समोर बसून त्यांच्या हातातून निघून यंत्रात जाणारं आणि परत येणारं रक्त बघत राहिले. माझ्या नखांत साखळीचं काळं होतं. आयुष्यभर मी वस्तू जागेवर ठेवल्या, माणसांना वेळेवर पोचवलं. मला वाटायचं, काळजी करणं म्हणजे हेच. त्या दिवशी मला फक्त एवढं जाणवलं की मी दमले आहे, आणि हा समोरचा माणूस माझ्यापेक्षा कितीतरी जास्त दमला आहे, आणि त्याला बोलू न देण्यासाठी मी फार कामात राहते आहे.

शुक्रवारपासून मी विचारायला लागले. सकाळी, साखळ्यांना हात लावण्याआधी. "आज जायचं?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "चल." सोमवारी म्हणाले, "चल." एका बुधवारी म्हणाले, "क्रॉसवर्ड अर्धं राहिलंय, ते घेऊन जाऊ. चल." संबंध फेब्रुवारी हे चाललं. उत्तर येईपर्यंतचा तो एक क्षण मला कसा जायचा ते लिहिता येणार नाही. पण त्यांचा चेहरा बदलला, हे मी पाहिलं. जाताना ते आता पुढे चालायचे.

मार्चमध्ये एका मंगळवारी संध्याकाळपासून बर्फ पडायला लागला तो बुधवारी सकाळी थांबला. अठरा इंच. मी विचारलं. आबा खिडकीपाशी होते. त्यांनी बाहेर पाहिलं, मग माझ्या हातांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "नको."

मी समोर बसले. म्हटलं, "आज नको, की..."

"की."

साखळ्या खिळ्यावरच राहिल्या. आम्ही चहा केला. बाहेर सगळं गोल झालेलं होतं, पायऱ्या, मेलबॉक्स, लॉइडचं कुंपण. एवढ्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा बर्फाकडे काम म्हणून न बघता पाहिलं. सेंटरला फोन केला. तिथली नर्स म्हणाली, उद्या आणा. आबांनी माझ्या हातून फोन घेतला आणि नर्सला "थँक यू" म्हणून ठेवून दिला.

मग संध्याकाळी निखिलचा फोन आला. त्याआधीच आबांनी मला सांगून ठेवलं होतं, "फोनवर नको सांगूस. त्याला येऊ दे, मी सांगेन." निखिलने विचारलं, "आई, आज गेला होतात ना?" मी म्हटलं, "रस्ता बंद आहे रे." खोटं नव्हतं ते. पण अर्धं होतं. मी बावीस वर्षं नोंदी केल्या, अर्धी नोंद काय करते हे मला माहीत असायला हवं होतं.

आता इरा, जे तुला हवंय ते. बाबाला जे माहीत आहे ते बुधवारचं आहे. शुक्रवारचं त्याला माहीत नाही.

दोन दिवस माझ्या डोक्यात एकच होतं. त्यांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं आणि मग नको म्हटलं. त्यांचं नको त्यांच्यासाठी होतं की माझ्यासाठी? गुरुवारी ऊन पडलं. शुक्रवारी उजाडताच मी साखळ्या चढवल्या आणि बाहेर गेले. चार तास लागले. कडेपासून कडेपर्यंत, डांबर दिसेपर्यंत, असा रस्ता मी त्या हिवाळ्यात एकदाही उघडला नव्हता. मोटार काढली, दारापाशी आणली, गरम करून ठेवली. आत आले, हात धुतले, क्रीम लावलं, आणि मग त्यांच्यासमोर उभी राहिले. पाय सुजलेले होते त्यांचे, श्वास थोडा लागत होता.

मी म्हटलं, "रस्ता उघडा आहे. गाडी दारात आहे. मी अजिबात दमलेली नाही. आज जायचं?"

ते खिडकीपर्यंत चालत गेले. खालपर्यंत बघितलं. म्हणाले, "काय सुरेख केलायस." मग वळून म्हणाले, "नको, मालती. आणि शेवटचं वाक्य खोटं होतं तुझं."

"कुठलं?"

"दमले नाही म्हणालीस ते."

मी मोटार बंद करून आले. त्यांनी विचारलं, "टोमॅटो आहे का घरात? सार कर." मी सार केलं. जिरं, तूप, थोडा गूळ. ते दोन वाट्या प्यायले, वाटी तोंडाला लावून, आणि मग एक पूर्ण ग्लास पाणी, न थांबता. पाणी पिणाऱ्या माणसाकडे मी इतकं टक लावून कधी पाहिलं नव्हतं. दुपारी डॉक्टरांशी बोलणं झालं. शनिवारी घरी येणारी नर्स आली. तिने त्यांना तेच तीन वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं, त्यांनी तिन्ही वेळा तेच सांगितलं.

रविवारी तुम्ही आलात. नील, तू अकरा वर्षांचा होतास. तू आबांच्या पलंगावर बसून संत्रं सोलायचास आणि एक फोड त्यांना, एक तुला. तुला माहीत नव्हतं की हिवाळाभर त्यांना संत्रं बंद होतं. तू मला विचारलंस, "आबा इतकं स्लो का खातात?" मी म्हटलं, आवडतं म्हणून.

आबांनी निखिलला सांगितलं. मी त्या वेळी खोलीत नव्हते. तो बाहेर आला, स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ते तुला वाचवतायत, आई. निदान रस्ता तरी उघडायचास. मग त्यांना चॉइस राहिली असती."

शुक्रवारचं मी तेव्हा सांगायला हवं होतं. ओठांवर आलं होतं. पण त्याचा चेहरा बघितला. शाळेतून पडून आला की करायचा तसा केला होता त्याने, रडायचं नाही असं ठरवलेला. मला वाटलं, याला कुणावर तरी चिडायचंय. बापावर चिडता येणार नाही, तो आत झोपलाय. बर्फावर चिडू दे. माझ्यावर चिडू दे. उद्या सांगू. मग आबा गेले, नर्सने सांगितलं होतं जवळजवळ तेवढ्याच दिवसांत, दुपारी, झोपेत. मग तुम्ही परत गेलात. उद्या सांगायचं ते तीन हिवाळे लांबलं. दमल्यामुळे माणूस गप्प बसतो, आणि बाहेरून ते शहाणपण दिसतं.

तेव्हा इरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही. बर्फामुळे नाही. रस्ता उघडा होता. त्यांना विचारलं होतं.

आबांनी जे ठरवलं ते बरोबर होतं की नाही, मला ठाऊक नाही. आणखी एखादा उन्हाळा त्यांना मिळाला असता. मला तो हवा होता. हे मी त्यांना त्या शुक्रवारी सांगितलं नाही, आणि त्यांना ते माहीत होतं.

मी अजून इथेच आहे. निखिल आता कॉन्डोचं नाव काढत नाही. लॉइडचे गुडघे गेले. तो आता हिवाळाभर घरीच असतो, आणि त्याचा ड्राइव्हवे मीच साफ करते. परवा मी त्याच्या दारातून बाहेर पडत असताना तो काठी टेकत आला आणि म्हणाला, "उजवी सैल झालीय." मला ती आधीच ऐकू आली होती. मी उतरतच होते. या वर्षी बर्फ लवकर आला आहे. एका दमात दोन ड्राइव्हवे होत नाहीत. मध्ये मी गाडी बंद करून तशीच सीटवर बसते. घाईचं काही नसतं. साडेदहाला कुठे पोचायचं नसतं. हात मांडीखाली घेते आणि ढिगावरून उडणारी भुकटी बघते. पुढच्या वर्षी हे जमेल का, माहीत नाही.

हे पत्र मी निखिललाही पाठवणार आहे, तुमच्यानंतर आठ दिवसांनी. आठ दिवस अशासाठी की तोपर्यंत तुम्ही दोघांनी ते वाचलेलं असेल आणि त्याच्या घरात त्याच्याशी बोलायला कुणीतरी असेल. त्याला राग येईल. शुक्रवार लपवला म्हणून येईल, आणि तो रास्त असेल.

तो गेली तीन वर्षं माझ्याशी आबांविषयी बोललेला नाही. पण बर्फ पडला की त्या संध्याकाळी त्याचा फोन येतो. अजून एकदाही चुकलेला नाही. "किती इंच?" एवढंच विचारतो. मी अंगणातल्या टेबलावर पट्टी उभी करून मोजते आणि त्याला खरा आकडा सांगते.